इंजिन तापेपर्यंत

परवा सकाळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकऱ्याने गाडी काढली. काढली म्हणजे काय, आत बसला, दार ओढलं आणि गेला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा गाळत उभी होते. गाळण्यातून चहा अजून ठिबकत होता आणि गाडी गल्लीच्या टोकाला पोचलीसुद्धा. मला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं झालं. पाहुण्याने यावं आणि पाण्याचं भांडंही तोंडाला न लावता निघून जावं, तसं.

आतून ह्यांचा आवाज आला, "गेला का गं?"

"गेला."

"तापवली नाही."

"आता तापवत नाहीत, अहो. नव्या गाड्यांना लागत नाही. तो गॅरेजचा मिस्त्री सांगत नव्हता का, चालू करा आणि पहिली दोन-चार मिनिटं जरा हळू घ्या, बास."

"सांगू दे त्याला. झोपेतून उठलेल्या माणसाच्या पाठीवर कोणी लगेच पोतं देतं का?"

हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आले आहे. मिस्त्री खरं सांगतो हे ह्यांनाही माहीत आहे. आयुष्यभर इंजिनं हाताळलेला माणूस, त्याला न कळायला काय झालं! पण हिवाळा आला की हे वाक्य येतंच, जसं इथल्या लोकांच्या ट्रंकांमधून माकडटोप्या बाहेर येतात.

आता कलकत्त्याची थंडी ती काय, आमच्या साताऱ्याकडची माणसं हसतील. पण इथे कालीपूजा आटोपली की सगळे गळ्याला मफलर गुंडाळतात आणि "ठांडा लेगे जाबे", म्हणजे थंडी बाधेल, असं एकमेकांना बजावत फिरतात. पहिल्या वर्षी मला गंमत वाटायची. तिसऱ्या वर्षी मीच मुलीला कानटोपी घालून शाळेत पाठवायला लागले. आमच्या डमडमला धुकं मात्र खरं पडतं. आणि इथे राहणाऱ्याला ते डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. विमानतळ जवळ, त्यामुळे पहाटेपासून डोक्यावर घरघर सुरू असते. ज्या दिवशी जाग येते आणि वर काही वाजत नसतं, त्या दिवशी समजायचं, बाहेर धुकं आहे, विमानं कुठेतरी खोळंबली आहेत. मग त्या शांततेत खालची एकेक गोष्ट वेगळी ऐकू येते. नळाचं पाणी. सायकलची घंटा. खजुराच्या रसाचा नवा गूळ विकणाऱ्याची हाक. आणि आमच्याकडे, सहाला पाच कमी असताना, गाडीच्या दाराचा आवाज.

ती जुनी गाडी होती. पांढरी, जड, दार लावायला दोन्ही हात लागायचे. हे आधी बॉनेटवरचं दव जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचे, मग काचा. मग आत बसून चोक ओढायचे. आताच्या मुलांना चोक माहीत नसेल. स्टिअरिंगच्या खाली एक काळी मूठ असायची, ती ओढली की गारठलेल्या इंजिनाला पेट्रोल जरा जास्त मिळायचं, आजारातून उठलेल्याच्या भातावर आपण चमचाभर तूप जास्त वाढतो तसं. मग सेल्फ मारायचा. पहिल्यांदा इंजिन नुसतं खोकायचं. दुसऱ्यांदा खोकून, थरथरून थांबायचं. तिसऱ्यांदा धरायचं. धरलं की भसाभसा मोठ्या आवाजात चालायचं आणि पेट्रोलचा कच्चा वास पहिल्या मजल्यावर माझ्या कढईपर्यंत यायचा. मग हे चोक थोडाथोडा आत सोडत जायचे आणि आवाज बसत जायचा. बसला की कसा, मांजर पोटावर झोपल्यासारखा.

दहा मिनिटं. ना एक कमी, ना एक जास्त. माझं सगळं स्वयंपाकघर त्या दहा मिनिटांवर चालायचं. गाडीने धरलं की तवा ठेवायचा. आवाज अर्धा बसला की शेवटची पोळी. पुरता बसला की डबा पिशवीत घालून गॅलरीतून दोरीने खाली सोडायचा. इथे सगळेच तसं करतात, भाजी, वर्तमानपत्र, दूध, सगळं दोरीने वरखाली. पिशवी खिडकीशी पोचली की हे उजवा हात बाहेर काढून ती घ्यायचे, वर न बघता दोन बोटं हलवायचे आणि गाडी निघायची. डमडमहून गार्डन रीच म्हणजे गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत हे होते. ती इंजिनं आमच्या दोन खोल्यांएवढी असायची म्हणे, आणि चालू करण्याआधी गरम पाणी फिरवून फिरवून तासन्‌तास तापवावी लागायची. तेव्हा घरच्या गाडीला दहा मिनिटं हा माणूस देणारच.

शेजारी मात्र वैतागायचे. खालच्या मजल्यावर तेव्हा घोषबाबू राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, एकटेच, वयाने ह्यांच्याहून दहा वर्षं मोठे. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी गाडीच्या मागे. सहा वाजता ती खिडकी धाडकन उघडायची आणि माकडटोपीतलं एक तोंड बाहेर यायचं.

"ओ दामलेबाबू! आपनार इंजिन गरम होलो? आमार तो माथा गरम होये गेलो!"

तुमचं इंजिन तापलं का, माझं तर डोकं तापलं. हे आतून हसत हात जोडायचे. घोषबाबू खिडकी आपटायचे आणि दहा मिनिटांनी स्वतःच काठी घेऊन फिरायला निघायचे. वर्षानुवर्षं हे असंच. मला ते "बौमा" म्हणायचे, म्हणजे सूनबाई. संक्रांतीला तिळगूळ दिला की म्हणायचे, "बौमा, तुमच्याकडे गोड बोला म्हणून गोड देतात. मग तुझ्या नवऱ्याला सांग, धूरही गोड सोड."

मी ज्या हिवाळ्याबद्दल सांगतेय त्याला सोळा-सतरा वर्षं झाली. ह्यांच्या नोकरीचा तो शेवटचा हिवाळा. मार्चअखेर निवृत्ती. कंपनीत पद्धत अशी होती की शेवटच्या दिवशी हार घालून, कंपनीच्या गाडीत बसवून माणसाला घरी सोडायचं. ह्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं, "मला ती गाडी नको. माझ्या गाडीने आत जाणार, माझ्या गाडीने बाहेर येणार. मला कोणी पोचवायला नको." दिवाळीपासून हे चार वेळा तरी ऐकलं मी. या माणसाने स्वतःसाठी हट्ट म्हणून फारसं काही मागितलं नाही कधी, म्हणून लक्षात राहिलं.

आणि त्याच हिवाळ्यात दहा मिनिटांची पंधरा झाली.

मग वीस. मग पंचवीस. माझं गणित कोलमडलं. डबा तयार, पिशवी खाली सोडलेली, आणि गाडी उभीच. आवाज तर केव्हाच बसलेला. मी वरून विचारायची, "अहो, काय झालं?" तर, "तेल चढू दे अजून. गाडी म्हातारी झालीय." मला पटलं. गाडी म्हातारी होतीच. आणि निवृत्ती जवळ आली की माणसं जरा रेंगाळतातच, असंही मनात आलं.

दुसरी गोष्ट घरातली. हिच्याबद्दल आज लिहितानाही मला माझा राग येतो. आपल्या ताटात डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. तर हे जेवताना विचारायला लागले, "आज चटणी नाही केलीस?"

"ती काय ताटात!"

"अरे हो."

दोन दिवसांनी पुन्हा. "कोशिंबीर संपली का?" कोशिंबीर ताटात, शिवलेलीसुद्धा नाही. कधी पाण्याचं भांडं डाव्या हाताला लागून कलंडायचं. मी काय समजावं? मी समजले की हा टोमणा आहे. माझ्या हाताची चव गेली असं सरळ सांगवत नाही म्हणून हा मार्ग. मी तिळाची चटणी केली, जवसाची केली, कारळ्याची केली. कोशिंबिरीत दाण्याचं कूट वाढवलं. तरी, "आज काही डावं नाही वाटतं?" एके दिवशी मी संतापून म्हटलं, "नसेल आवडत तर स्पष्ट सांगा, रोज रोज हिणवू नका." ह्यांनी ताटावर मान पुरती वळवून चटणी शोधली आणि सगळी खाल्ली. भाताबरोबर नाही, पोळीबरोबर नाही, नुसती. मी त्यावरही चिडले. म्हटलं, आता वर नाटक.

डिसेंबर संपत आला होता, तेव्हा एका सकाळी दारावर टकटक. घोषबाबू. जिना चढून ते कधी वर यायचे नाहीत, गुडघ्यांमुळे. हातात नव्या गुळाचं मडकं. हे ऑफिसला गेलेले. घोषबाबू खुर्चीत बसले, माकडटोपी काढून मांडीवर ठेवली, आणि शाळेत शिक्षा झालेली पोरं करतात तसा चेहरा केला.

"बौमा, दामलेबाबू माझ्यावर फार रागावलेत का?"

"छे हो! का?"

"मी धुरावरून बोलतो. पण ते आपलं बोलणं. एवढा राग?"

मग हळूहळू कळलं. त्या सकाळी ते गल्लीच्या डाव्या कडेने चालले होते. मागून आमची गाडी आली आणि त्यांच्या शालीला घासून गेली. ते गटाराच्या कठड्यावर पडता पडता वाचले. हाक मारली, काठी आपटली. गाडी थांबली नाही, हळूसुद्धा झाली नाही. "मला वाटलं, मुद्दाम मला भीती घातली. म्हाताऱ्या माणसाची चेष्टा. मग घरी बसून विचार केला, शेजाऱ्याशी वैर बरं नाही. म्हणून गूळ आणला."

मी चहा ठेवायला आत गेले आणि आधण ठेवता ठेवता एकेक जुळत गेलं. डावी कड. डावीकडची चटणी. डाव्या हाताचं भांडं. म्हणजे बघा, घरात मी आणि खाली घोषबाबू, दोघंही एकाच माणसावर रुसून बसलो होतो. तो आपल्याला हिणवतोय असं मला वाटत होतं, भेडसावतोय असं त्यांना. आणि त्याला आम्ही दिसतच नव्हतो.

तरी मन मानत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं होतं. वर विमानं नाहीत. मी डबा दोरीने न सोडता स्वतः खाली घेऊन गेले. इंजिन एका लयीत चालू होतं, चोक केव्हाच आत. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. मीही त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. गल्लीच्या वळणावर एक लांब भिंत आहे, तिच्यावर काळ्या रंगात मोठ्या बंगाली अक्षरांत लिहिलेलं असायचं, "बिग्यापन मारिबेन ना". जाहिराती लावू नयेत. धुक्यात त्यातलं काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळाने पहिलं अक्षर उमटलं. मग पुढची. हे ओठांतल्या ओठांत वाचत होते. शेवटचा "ना" स्पष्ट झाला, आणि त्याच क्षणी ह्यांचा हात गिअरवर गेला.

म्हणजे इंजिनासाठी थांबणं नव्हतंच ते. हे उजेडाची वाट बघत बसायचे. भिंत वाचता आली की निघायचं, असा नियम करून घेतला होता स्वतःशी.

मी डावीकडचं दार उघडून आत बसले. अंगावर घरातलीच साडी, वर शाल, पायात सपाता.

"अगं, डबा दे आणि उतर. उशीर होतोय."

"नाही उतरत."

"म्हणजे?"

"डावीकडचं कोण बघणार? काल घोषबाबू तुमच्या गाडीखाली येता येता वाचले. ते गूळ घेऊन माफी मागायला आले होते, तुमची."

ह्यांनी काही विचारलं नाही. कोण, कधी, कुठे, काही नाही. खरं तर विचारायला हवं होतं, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हतं. पण बहुधा कधीतरी असं काही ऐकावं लागणार, हे ठाऊक असावं.

"मार्चपर्यंत," हे एवढंच म्हणाले. "तीन महिने राहिलेत."

"आणि घोषबाबूंच्या जागी शाळेत जाणारं पोर असतं तर?"

इंजिन चाललं होतं. छान तापलेलं, काही तक्रार नसलेलं. ह्यांनी थोडा वेळ ते ऐकलं आणि मग किल्ली फिरवली. इतक्या वर्षांत तापवलेली गाडी न काढता बंद केलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. बंद झाल्यावर पुढे कुठेतरी पत्रा थंड होत टक टक वाजत राहिला. आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात डोकं ठेवायचं, आणि आत बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी पडद्याच्या अलीकडे बसले होते. मला नुसती बटणाची टिकटिक ऐकू येत होती. टिक, टिक, टिक. मध्येच थांबायची. बराच वेळ थांबायची. मी मनात म्हणत होते, दाबा ना, अहो, दाबा. मग कागद आला. डाव्या डोळ्यापुढचं जवळजवळ सगळं काळं, उजव्याच्याही डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत काळं.

"गेलेलं परत येत नाही," बाई म्हणाल्या. "आहे ते थेंब घालून सांभाळू."

हे विचारणार नाहीत म्हणून मीच विचारलं, "आणि गाडी?"

त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

या गोष्टीवरून घरात आम्ही आदळआपट केली नाही. हे दुसऱ्या दिवसापासून मेट्रोने जायला लागले. एस्प्लनेडला उतरून बस, खिदिरपूरहून ऑटो. पहिला आठवडा मी बरोबर गेले, गेटच्या अलीकडच्या कोपऱ्यापर्यंत. पुढे येऊ द्यायचे नाहीत. नंतर रोज आठ वाजता ऑफिसातून फोन, "पोचलो." तेवढा एक शब्द ऐकेपर्यंत माझा चहा कपात तसाच राहायचा. ऑफिसात सांगितलं होतं, गाडी गॅरेजमध्ये आहे.

"तीन महिने कुठली गाडी गॅरेजमध्ये असते हो?"

"पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलंय."

"आणि डोळ्यांचं?"

"ते कशाला? मार्चपर्यंत कागदांचंच तर काम उरलंय माझं. सगळे येऊन हळहळणार. नको."

आणि तरीही रोज सहाला पाच कमी असताना हे खाली जायचे. दव पुसायचं, चोक ओढायचा, सेल्फ मारायचा. दहा मिनिटं. मग किल्ली बंद करून वर यायचे आणि मेट्रोसाठी निघायचे. "उभी राहिली तर बॅटरी उतरेल," म्हणायचे. पहिल्या दिवशी घोषबाबूंची खिडकी सवयीने उघडली. तोंड बाहेर आलं. मी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी गाडीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आणि खिडकी तशीच उघडी ठेवून आत गेले. तो सगळा हिवाळा ती खिडकी उघडीच राहिली. धूर सरळ आत जात असणार. माझ्या मते ह्यांना ते ओरडणं जास्त आवडलं असतं. "माथा गरम होये गेलो" म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

मला ते बघवेना. कुठेही न जाणारी गाडी रोज तापवायची. म्हणून मी मुलीला पुण्याला फोन केला.

"आई, तू? गाडी? कलकत्त्यात? अगं, तू अजून सायकलवरून उतरताना कुंपणाला धरतेस!"

"कुंपणं आहेत इथेही."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना सांगेन. विचारणार नाही."

चौपन्न वर्षांची होते मी. दुपारच्या वेळी एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जायला लागले. शिकवणारे तपनबाबू. माझ्या हाताखाली ते निम्मे झाले असतील. "माशीमा, ब्रेक! माशीमा, ओटा रिक्शा, ओटा मानुष!" म्हणजे मावशी, ती रिक्षा आहे, ते माणूस आहे. मी म्हणायची, "दिसतंय हो मला." आणि म्हणताना एकदम गप्प व्हायची.

ह्यांना कळलं तेव्हा ते हसले. फार दिवसांनी. मग म्हणाले, "त्या स्कूलच्या गाडीला चोक नाही. आपल्या गाडीला आहे. ते कोण शिकवणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी मला खाली घेऊन गेले. मला उजवीकडे बसवलं आणि स्वतः डावीकडे बसले. त्या जागेवर ते पहिल्यांदाच बसत होते. दाराची कडी शोधायला त्यांना वेळ लागला.

"ऐक. काय म्हणतंय?"

"खोकतंय."

"मग चोक सोडायचा?"

"नको. पहिली पोळी तव्याची. अजून धरलेलं नाही."

"इंजिन म्हणजे तवा नव्हे."

"तापायचं ते सगळं सारखंच हो."

"आता?"

"आता... जरा सोडते."

"अर्धा. एकदम नको. हं. आता ऐक."

आणि आवाज बसला. बावीस-तेवीस वर्षं मी तो स्वयंपाकघरातून ऐकला होता. पायांखालून ऐकायचा म्हणजे वेगळं असतं. गुडघ्यापर्यंत येतो. मला तेव्हा कळलं, हे रोज दहा मिनिटं कुठे जाऊन बसायचे. कोणी काही विचारत नाही, काही मागत नाही, आणि एक गोष्ट आपल्या हाताखाली हळूहळू ठीक होत जाते. आपल्याला मिळतं का असं कुठे?

आमचं बरंचसं बोलणं त्या हिवाळ्यात तिथेच झालं. चटणीचंही. मी म्हटलं, "मला वाटलं तुम्ही हिणवताय." हे म्हणाले, "मला वाटलं तू मुद्दाम वाढत नाहीस." दोघंही तेवढ्यावर थांबलो. चोक आत गेला होता, चहा वर थंड होत होता.

फेब्रुवारी सरता सरता धुकं संपलं. परीक्षा दिली, लायसन्स हातात आलं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कलकत्ता असं तापतं की चोकला कोणी हात लावू नये. एकतीस तारखेला हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जिन्यात उभे राहिले, आणि मला म्हणाले, "मेट्रोची वेळ होतेय."

"तुम्ही म्हणाला होतात ना, माझ्या गाडीने आत जाणार?"

"ते सोड आता. आणि तू गल्लीच्या बाहेर किती वेळा गेली आहेस?"

"सात."

"सात!"

"आज आठ."

गेलो. कसे गेलो ते देवाला माहीत. श्यामबाजारला गाडी दोनदा बंद पडली, मागच्या बसवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हे मात्र ताठ बसून सूचना देत होते. "आता ट्रामचे रूळ येतील, क्लच हळू." रूळ यायचे. "पुढे डावीकडे खड्डा." खड्डा असायचा. "आता मैदान लागेल, मोकळं आहे, तिसरा गिअर टाक." मी चकित. मला वाटलं, दिसतंय की ह्यांना! मग लक्षात आलं, मान हलत नव्हती. समोरच बघत होते. इतक्या वर्षांचा रस्ता पाठ होता, ते म्हणून दाखवत होते. आणि मी त्यात एकही चूक काढू शकत नव्हते.

खिदिरपूरच्या पुलाच्या अलीकडे मात्र, "आता उजवीकडे घे," असं हे म्हणाले आणि समोर पत्र्याचे अडसर. रस्ता खणलेला. मागे बंदराकडे जाणारे ट्रक, त्यांचे कर्कश हॉर्न. मी ब्रेक मारला. हे दोनदा म्हणाले, "उजवीकडे, उजवीकडे." मी म्हटलं, "अहो, नाही जाता येत." पाठ असलेलं संपलं होतं.

थोड्या वेळाने, हॉर्नच्या गोंगाटात मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू, हे म्हणाले, "समोर काय आहे, सांग."

मी सांगितलं. पत्रे, त्यांच्या डावीकडून अरुंद वाट, एक हातगाडी, पलीकडे पोलीस. "पोलीस हात कुठला दाखवतोय?" "डावा." "मग हातगाडीला जाऊ दे. आता पहिला गिअर. सोड, सोड, सोड." मी सांगायची, हे करायला सांगायचे. पूल पार झाला तेव्हा माझ्या पाठीला घामाने ब्लाउज चिकटला होता, आणि हे आपले दोन्ही हात मांडीवर असे धरून बसले होते की जणू स्टिअरिंग त्यांच्याच हातात आहे.

गेटवर तिवारीजी होते, तिथले जुने पहारेकरी. ओळखीची गाडी बघून धावत आले. सवयीने ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकले आणि आत मी. बिचारे गोंधळले. मग पलीकडे वाकून बघतात तो साहेब डावीकडे.

"अरे साहब! गाड़ी ठीक हो गई? मेमसाहब चला के लाईं?"

मी उत्तर तयार ठेवलं होतं. पार्ट मिळाला, आज साहेबांची पाठ दुखते, असलं काहीतरी. तीन महिने जे लपवलं ते शेवटच्या दिवशी माझ्यामुळे उघडं पडायला नको. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग मान पुरती वळवून तिवारीजींचा चेहरा शोधला, आणि तो सापडल्यावर म्हणाले, "गाड़ी को कुछ नहीं हुआ था, तिवारीजी. मेरी आँखें खराब हो गई हैं. मुझे दिखता नहीं ठीक से. इसलिए ये चलाती हैं."

मागून आणखी दोघं-तिघं जवळ येऊन उभे राहिले होते, ऑफिसातली माणसं, त्यांनीही ऐकलं. कोणी हळहळलं नाही. तिवारीजी सरळ झाले आणि त्यांनी गेटचे दोन्ही दरवाजे उघडले. रोज एकच उघडायचे म्हणे.

"चल," हे म्हणाले.

मी पहिला गिअर टाकला आणि गाडी आत घेतली.